डीप स्प्रिंग्ज: विद्यार्थी चालवतात ते कॉलेज, आणि तिथे शिकवणाऱ्यांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या डीप स्प्रिंग्ज या ज्युनियर कॉलेजबद्दल कुणालाही सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही. सगळे मिळून तीसच्या आत विद्यार्थी, आजूबाजूला वाळवंट, कॉलेजची स्वतःची गुरं, आणि प्रोफेसर कोण ठेवायचा यात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचं मत मोजलं जातं. मग प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहितोय.

ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीच ना?

नाही, इथेच पहिला घोळ होतो. आपल्याकडे ज्युनियर म्हटलं की अकरावी-बारावी डोळ्यासमोर येते, पण अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची पहिली दोन वर्षं. ती संपली की असोसिएट डिग्री मिळते आणि मग पुढची दोन वर्षं मोठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन करायची. ही पद्धत तिकडे जुनी आहे, इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झालं. बाकीची ज्युनियर कॉलेजं बहुतेक सरकारी आणि हजारो विद्यार्थ्यांची असतात. डीप स्प्रिंग्ज खाजगी आहे आणि दर वर्षी फक्त १२ ते १५ नवीन मुलं घेतं.

नक्की आहे कुठे?

कॅलिफोर्नियाच्या पूर्व टोकाला, इन्यो काउंटीत, नेवाडाच्या हद्दीला लागून. एका बाजूला व्हाइट माउंटन्स आणि दुसऱ्या बाजूला इन्यो माउंटन्स, मधे ही खोलगट व्हॅली, उंची साधारण ५,२०० फूट. जवळचं गाव बिग पाइन, तिथे जायला सुमारे ७,३०० फुटांवरचा वेस्टगार्ड पास ओलांडावा लागतो. पत्ता मात्र नेवाडातल्या डायर गावाचा आहे कारण पोस्ट तिकडून येतं. शेजारी असा कुणी नाहीच. व्हॅलीतल्या झऱ्यांमधे एक काळा टोड बेडूक राहतो जो जगात दुसरीकडे कुठेही मूळचा सापडत नाही, यावरून जागा किती एकटी आहे ते समजा.

हे काढलं कुणी, आणि कशासाठी?

एल. एल. नन नावाच्या माणसाने, १९१७ मधे. नन मूळचा वकील, कोलोराडोतल्या टेल्युराइड भागात खाणींच्या धंद्यात पडला. खाण डोंगरात उंचावर, तिथवर जळण वाहून नेणं परवडेना, मग त्याने खाली दरीत पाण्यावर वीज तयार करून ती तारेने वर न्यायचं ठरवलं. १८९१ मधे एम्स इथे त्याने वेस्टिंगहाउसची यंत्रं बसवून एसी करंट खाणीपर्यंत पोचवला, उद्योगासाठी एसी वीज वापरायच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक.

आता कॉलेजशी याचा संबंध काय? तर ही पॉवर स्टेशनं चालवायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता, कारण हे काम येणारी माणसं तेव्हा जवळपास नव्हतीच. नन तरुण पोरांना कामाला ठेवायचा आणि तिथेच शिकवायचा, दिवसा मशीनवर काम आणि बाकी वेळ अभ्यास. युटाहमधल्या ऑल्मस्टेड पॉवर स्टेशनवर तर चक्क शाळाच चालायची. पुढे त्याला विजेपेक्षा या शिकवण्यातच जास्त रस वाटायला लागला, १९११ मधे टेल्युराइड असोसिएशन ही शिक्षणासाठीची संस्था निघाली आणि शेवटी वाळवंटातली ही रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा, घेऊन कॉलेज काढलं. १९२५ मधे तो गेला. त्याचं विद्यार्थ्यांना सांगणं असं की तुम्ही इथे पैसे कमवायचं शिकायला आलेला नाही, आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेत घालवायची तयारी करायला आलात. अभ्यास, अंगमेहनत आणि स्वतःचा कारभार स्वतः चालवणं, हे तिन्ही शंभर वर्षांनंतरही तिथे टिकून आहे.

विद्यार्थी खरंच कॉलेज चालवतात की नुसतं म्हणायला?

खरंच चालवतात, मात्र सगळं एकट्याने नाही. प्रेसिडेंट आहे, डीन आहे, विश्वस्त मंडळ आहे, हिशेब, कायद्याच्या गोष्टी, इमारती हे ते बघतात. पण जे तीन-चार निर्णय कुठल्याही कॉलेजात सगळ्यात महत्त्वाचे असतात, म्हणजे आत कोण येणार, शिकवणार कोण, शिकवणार काय आणि कुणी राहायचं कुणी जायचं, त्यांचं मुख्य काम विद्यार्थ्यांच्या कमिट्या करतात.

ॲप्लिकेशन्स कमिटी पुढच्या बॅचची निवड करते. करिक्युलम कमिटी प्रोफेसरांचे अर्ज बघते आणि कुठले कोर्स होणार ते ठरवते. कम्युनिकेशन्स कमिटी कॉलेजची माहिती बाहेर पोचवते, पत्रकं, पत्रव्यवहार वगैरे. आणि चौथी रिव्ह्यू अँड रीइनव्हिटेशन्स कमिटी, मला विचाराल तर सगळ्यात जड काम हिचं. पहिलं वर्ष संपताना प्रत्येक विद्यार्थ्याचा अभ्यास, त्याचं काम आणि कारभारातला त्याचा वाटा बघून त्याला दुसऱ्या वर्षाला परत बोलवायचं का नाही हे ही कमिटी बघते. ज्याच्याबरोबर सकाळी गोठ्यात उभा होतास त्याच्याबद्दल संध्याकाळी खरं बोलायचं, आणि ते बोलून झाल्यावर पुन्हा त्याच्याच बाजूला जेवायला बसायचं. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे किती अवघड जात असेल विचार करा.

कमिट्यांवर प्रोफेसर आणि स्टाफही असतात, पण विद्यार्थी जास्त असतात.

मीटिंग कशी असते?

स्टुडंट बॉडी, म्हणजे सगळेच्या सगळे विद्यार्थी, आठवड्यातून एकदा बसतात, साधारण शुक्रवारी रात्री. अध्यक्ष त्यांच्यातलाच निवडलेला. ठराव मांडायचा, दुरुस्त्या सुचवायच्या, वाद, मग मतदान. प्रतिनिधी निवडून पाठवायची भानगड नाही, तीस माणसांत प्रत्येकजण स्वतःच सभासद. आणि हे तासन्‌तास चालतं, कधी कधी मध्यरात्र उलटून जाते, विषय कधी मोठा असतो तर कधी अगदी साधा, इंटरनेट किती वापरायचं यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत, कारण एकांत हा तिथला गाभा आणि इंटरनेटमुळे तोच जातो असं काहींचं म्हणणं आणि काहींना ते पटत नाही.

लोक म्हणतात किती वेळ वाया जातो. मला तसं वाटत नाही. मोठ्या कॉलेजात स्टुडंट कौन्सिलच्या मीटिंगला दांडी मारली तर फरक पडत नाही कारण तिथे ठरतच काही नाही. इथे तुम्ही झोपायला गेलात आणि मागे ठराव पास झाला तर उद्यापासून तुम्ही तसंच जगणार आहात. म्हणून माणूस डोळे चोळत का होईना पण बसून राहतो आणि ऐकतो.

यालाच जोडून एक गोष्ट, पब्लिक स्पीकिंग. तिथे सक्तीचे कोर्स अगदी कमी आहेत आणि त्यातला हा एक, दोन्ही वर्षं चालतो. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आणि मग लोक तुमचं भाषण चांगलं का वाईट ते तोंडावर सांगणार. ज्या ठिकाणी बोलून दुसऱ्याचं मन वळवल्याशिवाय काही होत नाही तिथे हा कोर्स सक्तीचा असणं मला एकदम बरोबर वाटतं.

लेबर कमिशनर म्हणजे कोण? सरकारी माणूस?

नाही हो, विद्यार्थीच, विद्यार्थ्यांनी निवडलेला. प्रत्येकाला आठवड्याला निदान २० तास काम असतं आणि कुणी कुठलं काम करायचं हे लेबर कमिशनर ठरवतो. पहाटे उठून गायींची धार काढणं, स्वयंपाक, भांडी, मटणासाठी जनावर कापणं, भाजीचा मळा, गुरांना चारा घालणं, लसूणघासाच्या शेताला पाणी देणं. गुरं साधारण ३०० आहेत आणि उन्हाळ्यात ती डोंगरावर चरायला नेतात, बरोबर विद्यार्थी गुराखीही जातात. रँच, शेती, किचन, वर्कशॉप यांना अनुभवी मॅनेजर आहेत, ते शिकवतात, पण हात विद्यार्थ्यांचे.

मला स्वतःला ही पोस्ट स्टुडंट बॉडीच्या अध्यक्षापेक्षा मोठी वाटते, कारण भाषण चांगलं करणारा माणूस निवडून येणं वेगळं आणि हिवाळ्यात पहाटेच्या धारेवर कुणाला टाकायचं ते ठरवून दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्याला डोळा देणं वेगळं. काम कुणी चुकवलं तर लपत नाही. धार वेळेवर निघाली नाही तर गायीला त्रास होतो, स्वयंपाकवाला झोपून राहिला तर प्रोफेसरांच्या लहान मुलांसकट सगळे उपाशी बसतात.

कॉलेजचा मालक कोण?

कागदोपत्री कॉलेज ट्रस्टकडे आहे. पण ननने १९२३ मधे जो ट्रस्टचा दस्त केला त्यात स्टुडंट बॉडीला या मालमत्तेचा लाभार्थी मालक मानलंय, म्हणजे विश्वस्तांनी हे सगळं सांभाळायचं ते विद्यार्थ्यांसाठी. आणि विश्वस्त मंडळात दोन विद्यार्थी बसतात, त्यांना मताचा पूर्ण अधिकार असतो.

हे किती वेगळं आहे ते कळायला कॅलिफोर्नियातलीच सरकारी कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे वर म्हटलेली सरकारी ज्युनियर कॉलेजं, बघा. तिथे १९८८ च्या एबी १७२५ या कायद्याने प्रोफेसर, कर्मचारी आणि विद्यार्थ्यांना कारभारात सहभाग मिळाला, बोर्डावर स्टुडंट ट्रस्टीही असतो, चांगली गोष्ट आहे, पण त्याचं मत सल्ल्यापुरतं धरलं जातं. बोलू द्यायचं पण मोजायचं नाही. अशाने पोरं हळूहळू यायची बंद होतात आणि मग आपणच म्हणतो की विद्यार्थ्यांना रस नाही.

दारू, पार्टी, बाहेर फिरणं?

टर्म चालू असताना दारू आणि ड्रग्ज बंद, आणि व्हॅली सोडून जायचं नाही, डॉक्टर, धार्मिक कारण किंवा कॉलेजचं काम असेल तरच. हे दोन नियम फार जुने आहेत. रेक्टर नाही, वॉचमन नाही, पाळायचं आणि पाळून घ्यायचं काम विद्यार्थ्यांचंच.

विद्यार्थ्यांनी निवडलेला प्रोफेसर म्हणजे लाड करणारा, सोपा प्रोफेसर असणार ना?

हा प्रश्न मला नेहमी शिक्षकांकडूनच येतो, आणि शंका योग्य आहे. पण जरा त्या मुलांच्या जागी बसून बघा. एका वर्गात बऱ्याचदा दहाच्या आत मुलं. दोनच वर्षं हातात. बाहेर जायला जागा नाही, हाच माणूस सकाळी वर्गात आणि रात्री जेवायच्या टेबलावर. इतकं असताना ढिसाळ माणूस कोण निवडेल? कमिटीवाले अर्जदारांचं लेखन वाचतात, मुलाखती घेतात, शिकवून दाखवायला लावतात. चुका होत असतीलच, कुठल्या निवड समितीच्या होत नाहीत. पण इथे चुकीचा प्रोफेसर निवडला तर निवडणाऱ्यालाच त्याच्या तासाला बसावं लागतं.

तिथे शिकवणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं?

यावर खरं तर फार कमी लोक बोलतात, सगळं कौतुक पोरांचं होतं.

जास्त काळ राहणारे प्रोफेसर जेमतेम तीनेक, एकजण ह्युमॅनिटीज, एकजण सोशल सायन्स, एकजण सायन्स आणि गणिताकडचा. शिवाय एखाद्या टर्मपुरते किंवा सेमिस्टरपुरते येणारे पाहुणे प्रोफेसर, आणि प्रेसिडेंट, डीनही शिकवतात. म्हणजे सायन्सच्या माणसाचा स्टाफरूममधे त्याच्या विषयाचा दुसरा कुणी नाही, डिपार्टमेंट म्हणजे तो एकटाच. संशोधन करणाऱ्याला ही मोठी किंमत आहे, मोठी लायब्ररी नाही, लॅब छोटी, कॉन्फरन्सला जायचं तर आधी डोंगर ओलांडा. बदल्यात काय मिळतं तर वाचून आलेला वर्ग. पूर्ण वाचून, भांडायच्या तयारीने आलेला. ज्यांनी शंभर मुलांच्या वर्गात शिकवलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

प्रोफेसर बायकोमुलांसकट किंवा नवऱ्यामुलांसकट कॅम्पसवरच राहतात, घरं मधल्या हिरवळीच्या आसपास. जेवण बोर्डिंग हाउसमधे सगळ्यांबरोबर, विद्यार्थ्यांनी केलेलं. लहान मुलं सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वाढतात. पण दुसरी बाजूही आहे, दार लावून घेता येत नाही. विद्यार्थी रात्री नऊला पेपरबद्दल विचारायला दारात येणार, सकाळी ज्याला कमी मार्क दिले तो संध्याकाळी तुमच्या ताटात वाढणार, नवराबायकोचं भांडण झालं तर ते साठ-सत्तर फुटांवर कुणाला तरी ऐकू जाणार. ज्यांना माणसांत राहूनही थोडं लांब राहायची सवय आहे त्यांना हे जड जातं.

पर्मनंट नोकरी मिळते का?

नाही. तिथे टेन्युअर नाही. लांब मुदतीची नेमणूकसुद्धा काही वर्षांचीच, जास्तीत जास्त सहा वर्षांच्या आसपास. मला यात दोन मनं आहेत. कॉलेज ताजं राहतं हे खरं, दर दोन वर्षांनी विद्यार्थी पूर्ण बदलतात आणि प्रोफेसरही बदलत राहिले तर कुणाचं संस्थान होत नाही. पण यामुळे संस्थेची आठवण ठेवायला माणूसच उरत नाही. तीन वर्षांपूर्वी अमुक ठराव का केला होता हे सांगणारा विद्यार्थी नाही आणि बऱ्याचदा प्रोफेसरही नाही, मग तोच वाद पुन्हा पहिल्यापासून. त्यातच शिक्षण होतं म्हणतात. होतही असेल, पण दर वेळी तेच ऐकणाऱ्या प्रोफेसरचा विचार केला तर मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

मुलींना प्रवेश आहे का?

आहे, २०१८ पासून. त्याआधी शंभर वर्षं फक्त मुलं. ननच्या १९२३ च्या दस्तात होतकरू तरुण पुरुषांचं शिक्षण असे शब्द होते आणि सगळं तिथे अडलं. २०११ मधे विश्वस्तांनी मुली घ्यायचं ठरवलं, काही विश्वस्तांना मान्य नव्हतं, केस झाली, खालच्या कोर्टापासून अपीलापर्यंत गेली आणि २०१७ मधे अपील कोर्टाने मुली घ्यायला परवानगी दिली. मधली सहा-सात वर्षं ज्या मुलींनी वाट बघितली त्यांचं कॉलेजचं वय निघून गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं. कारभार आपल्या हातात आहे म्हणणाऱ्या स्टुडंट बॉडीलाही त्या काळात आपल्या अधिकाराची हद्द कुठे आहे ते कळलं असेल, कारण मीटिंगमधे कितीही बोललं तरी शंभर वर्षांपूर्वीचा कागद मतदानाने बदलत नाही.

फी किती?

ट्यूशन, राहणं, जेवण सगळं स्कॉलरशिपमधे. वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीची ही स्कॉलरशिप प्रत्येकाला मिळते, श्रीमंत-गरीब बघून नाही. पुस्तकं, प्रवास, हेल्थ इन्शुरन्स हा खर्च आपला. आणि कृपा करून याला फुकट म्हणू नका, आठवड्याचे वीस तास कशात जातात ते वर लिहिलंच आहे.

पुढे काय करतात ही मुलं?

बहुतेक चांगल्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात. माजी विद्यार्थ्यांत ज्युलियन स्टीवर्ड हे मोठे मानववंशशास्त्रज्ञ आहेत, ते अगदी सुरुवातीच्या बॅचमधले, आणि ज्या भागात शिकले तिथल्या पायूट आणि शोशोनी या आदिवासी लोकांवर त्यांनी पुढे महत्त्वाचं काम केलं. लेखक विल्यम वोलमन तिथलेच, अमेरिकी काँग्रेसचे सभासद झालेले जिम ओलिन तिथलेच. तुलनेने एवढ्याशा कॉलेजातून बरीच नावं निघालीत. पण मला त्या यादीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं ते त्या पोराला मीटिंग कशी चालवायची हे कळणं, आणि हरलेल्या ठरावाच्या बाजूचा असूनही दुसऱ्या दिवशी कामाला जाता येणं.

विद्यार्थ्यांनी चुकीचा निर्णय घेतला तर?

घेतात की. चुकीचा माणूस निवडतात, एखाद्याला उगाच कडक वागवतात, नको तो ठराव पास करतात. अगदीच मोठं काही असेल तर प्रेसिडेंट आणि विश्वस्त आहेत. पण बाकी चुका त्यांना भोगू देतात आणि मला हेच पटतं. आपल्या ओळखीच्या बहुतेक कॉलेजांत मुलांना गॅदरिंगचा मंडप कुठल्या रंगाचा एवढंच ठरवू देतात, खरा निर्णय आला की सर लोक पुढे होतात, आणि मग ही मुलं बावीस वर्षांची होऊन बाहेर पडतात तेव्हा त्यांनी आयुष्यात एकही असा निर्णय घेतलेला नसतो ज्यामुळे दुसऱ्या कुणाला त्रास झाला आणि तो त्रास त्यांना समोर उभं राहून बघावा लागला.

हेच दुसरीकडे करता येईल का?

हुबेहूब नाही, तीस माणसांचं गणित तीन हजारांना लागत नाही. पण कुणी प्रयत्नच करत नाही असंही नाही, अलास्कात सिटका इथे आउटर कोस्ट नावाची छोटी संस्था याच विचाराने निघाली आहे. आणि एखाद्या साध्या छोट्या कॉलेजनेही एक करून बघावं, प्रोफेसरांच्या निवड समितीवर दोन विद्यार्थी मतासकट बसवावेत. सल्ल्यापुरते नाही, मतासकट. त्यांना अर्ज वाचायला द्यावेत, डेमो लेक्चरला बसवावं, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उमेदवाराने उत्तर द्यायलाच हवं असं ठेवावं.

माझ्या मुलाला किंवा मुलीला अर्ज करायचाय, परदेशातून चालतं का?

चालतं. आधी निबंधांची फेरी असते, बरेच निबंध, आणि ते घासूनपुसून कुणाकडून लिहून घेतलेले असले तर कळतं कारण वाचणारे त्याच वयाचे आहेत. त्यातून निवडलेल्यांची दुसरी फेरी, तेव्हा काही दिवस तिथे राहायला बोलावतात. तासाला बसायचं, विद्यार्थ्यांबरोबर काम करायचं आणि कमिटीसमोर मुलाखत द्यायची. पालकांना एकच सांगणं, निबंध तुम्ही वाचू नका. आणि मुलांनो, मुलाखतीत माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्याच सकाळी चार वाजता उठून गायीखाली बसलेला असतो.